बांधावरील वृक्ष : हिशेब सावलीचा आणि धान्याचा

जबलपूर म्हटले की मराठी पर्यटकाच्या डोळ्यांसमोर भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाधारचा प्रपात उभा राहतो. परंतु शहराची वेस ओलांडून पाटण किंवा शहपुऱ्याच्या दिशेने निघाले, की नर्मदेच्या खोऱ्यातील काळ्या, भारी जमिनीचा एक वेगळाच प्रदेश सुरू होतो. गहू, हरभरा, मसूर, वाटाणा आणि धान पिकविणारी ही शेते मातीच्या रुंद बांधांनी विभागलेली असतात. त्या बांधांवर कोठे बाभूळ, कोठे मोह, कोठे शिसम, तर कोठे सागाची सरळ ओळ उभी दिसते. विदर्भात ज्याला 'धुरा' म्हणतात आणि देशावर 'बांध', त्यालाच या भागात 'मेढ' असे नाव आहे. नाव वेगळे असले तरी त्यावरील झाडाविषयीचा प्रश्न सर्वत्र एकच आहे. हे झाड पिकाला तारक की मारक?

शेतकऱ्याच्या दृष्टीने हे झाड म्हणजे एक कोडेच असते. उन्हाळ्यात ते विसाव्याला सावली देते, चुलीला सरपण आणि वखराला लाकूड पुरविते. पौष-माघात मात्र त्याच्या पायथ्याशी असलेला गहू खुरटा राहिला, की तेच झाड डोळ्यांत सलू लागते. शेजाऱ्याच्या बांधावरील झाडाची सावली आपल्या शेतात पडू लागली, तर गोष्ट कुरबुरीवर थांबत नाही. कधी ती तहसील कचेरीपर्यंतही जाऊन पोहोचते. झाड लावण्याचा उपदेश करणारे पुष्कळ असतात. परंतु त्या झाडापायी किती धान्य जाते आणि त्याच्या बदल्यात काय मिळते, हा हिशेब मांडून दाखविणारे थोडे.

असा हिशेब मांडण्यास जबलपूरइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेले आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांताचा भाग राहिलेले हे शहर, शेती आणि वने या दोन्ही विषयांच्या संशोधनाचे केंद्र आहे. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय येथे १९६४ मध्ये स्थापन झाले. देशभरात वनशेतीचा अभ्यास करण्यासाठी १९८३ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे एक केंद्र याच विद्यापीठात आहे. मंडला मार्गावरील उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था १९८८ पासून मध्य भारतातील वृक्षांवर काम करीत आहे. थोडक्यात, झाडाची बाजू आणि पिकाची बाजू या दोहोंचा अभ्यास येथे एकाच शहरात होतो.

हवेलीचे बांध

जबलपूर, नरसिंहपूर आणि दमोह या भागांत पूर्वापार चालत आलेल्या शेतीपद्धतीस 'हवेली' असे म्हणतात. वर्षाकाठी सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशातील चिकण काळी माती पावसाळ्यात इतकी चिकट होते की, तीत नांगर घालणे अवघड जाते. म्हणून शेतकऱ्यांनी शेताभोवती उंच बांध घातले आणि पावसाचे पाणी आतच साठवून ठेवले. पाण्याखाली राहिल्याने तण कुजते आणि जमीन खोलवर ओल धरते. ऑक्टोबरच्या सुमारास पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात असे क्रमाने सोडून दिले जाते आणि त्या ओलीवरच गहू, हरभरा किंवा मसूर पेरला जातो. वेगळे सिंचन न करता रब्बीचे पीक घेण्याची ही युक्ती बांधावर आणि शेजाऱ्यांच्या परस्पर समजुतीवर अवलंबून होती.

या बांधांवर बाभूळ टिकली, याला कारण आहे. काही काळ मुळाशी पाणी साचलेले ती सहन करते आणि उन्हाळ्यातील कोरडही सोसते. तिची मुळे मातीचा बांध धरून ठेवतात, काटेरी फांद्या कुंपणास उपयोगी पडतात आणि लाकूड शेतीच्या अवजारांना चालते. पुढे सोयाबीनचा प्रसार झाला. १९९० मध्ये नर्मदेवरील बरगी धरण पूर्ण झाले, कालवे आणि विहिरी वाढल्या आणि हवेलीचे क्षेत्र आक्रसत गेले. बांध अरुंद झाले, काही ठिकाणी नांगरून टाकले गेले आणि त्यांच्याबरोबर झाडेही गेली. जेथे ती उरली, तेथे त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पाणी साठविणाऱ्या बांधाचे रक्षण करणारे झाड आता पिकाची जागा अडविणारे झाड ठरू लागले.

झाड पिकाकडून काय घेते?

झाड आणि पीक यांच्यातील स्पर्धा तीन गोष्टींसाठी असते : प्रकाश, पाणी आणि अन्नद्रव्ये. यांपैकी सावली डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावरच सर्व दोष टाकला जातो. प्रत्यक्षात जमिनीखालील स्पर्धाही तितकीच महत्त्वाची असते. गव्हाच्या मुळांचा मोठा भाग जमिनीच्या वरच्या एक-दीड फुटात असतो. झाडाची अन्न शोधणारी बारीक मुळेही याच थरात पसरतात. ओलिताची सोय असेल तर पाण्याची ओढाताण कमी जाणवते. केवळ साठलेल्या ओलीवर पीक वाढत असेल, तर फेब्रुवारीत दाणा भरण्याच्या वेळी ती उघड दिसू लागते.

नुकसान शेतभर सारखे नसते. झाडाच्या घेराखाली ते सर्वाधिक असते, बांधापासून दूर जाताना झपाट्याने कमी होते आणि साधारणतः झाडाच्या उंचीएवढ्या अंतरानंतर नगण्य ठरते. झाडाच्या जातीनुसार हा पट्टा कमी-अधिक रुंद होतो. हरियाणात निलगिरीच्या ओळींलगत झालेल्या अभ्यासात सुमारे दहा मीटरच्या पट्ट्यात मोहरी व गहू यांचे उत्पादन लक्षणीयरीत्या घटलेले आढळले. निलगिरीची मुळे जमिनीतील ओल दूरवरून शोषून घेतात. शिवाय काही वृक्षांच्या पानांतून व मुळांतून इतर वनस्पतींची उगवण रोखणारी द्रव्ये जमिनीत उतरतात; निलगिरीबाबत याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. दाट सावलीत सकाळचे दव उशिरा वाळते आणि पाने दीर्घकाळ ओली राहिल्याने अनेक बुरशीजन्य रोगांना वाव मिळतो. बांधालगतचे पीक उशिरा पक्व होते, त्यामुळे कापणीच्या वेळी त्या पट्ट्यात हिरवे दाणे राहतात. म्हणजे केवळ वजन नव्हे, तर मालाची प्रतही घसरू शकते.

झाड पिकाला काय देते?

जमेची बाजूही तितकीच वास्तव आहे. मात्र ती सावकाश दिसते. बाभूळ, शिसम आणि करंज हे शेंगवर्गीय वृक्ष मुळांवरील गाठींतील जीवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र स्थिर करतात. खोल गेलेली मुळे खालच्या थरातील अन्नद्रव्ये वर आणतात आणि ती पालापाचोळ्याच्या रूपाने पृष्ठभागावर पडतात. मध्य भारतातील धानाच्या शेतांत उभ्या असलेल्या बाभळींखालील माती तपासली असता, मोकळ्या शेतापेक्षा तेथे सेंद्रिय कर्ब आणि नत्र अधिक असल्याचे दिसून आले आहे. येथेच एक विसंगती संभवते. झाडाखालील माती सकस होत जाते आणि तरीही तेथील पीक कमी येते, कारण सुपीकता असूनही प्रकाश अपुरा पडतो. झाड तोडल्यानंतर त्या जागी एक-दोन हंगाम पीक जोमाने येते, असा अनुभव शेतकरी सांगतात, त्याचे कारण हेच होय.

बांधावरील झाडे वाऱ्याचा वेग कमी करतात. दाट वृक्षरांगेच्या आडोशाचा परिणाम वारा वाहतो त्या दिशेस झाडाच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत जाणवू शकतो. बांधावरील विरळ ओळीचा परिणाम याहून कमी असला, तरी मार्चमध्ये सुटणाऱ्या कोरड्या, तप्त वाऱ्यापासून गव्हाला थोडासा आडोसाही उपयोगाचा असतो. हानी उंचीएवढ्या पट्ट्यात आणि लाभ त्याहून दूरवर, असे हे गणित असल्याने बांधालगतचे खुरटे पीक नजरेत भरते आणि मधल्या शेतातील थोडीशी वाढ कोणाच्याच ध्यानात येत नाही.

हरभऱ्यावरील घाटेअळीच्या नियंत्रणासाठी शेतात लाकडी पक्षीथांबे उभे करण्याची शिफारस कृषी खाते करीत असते. अळ्या टिपणारे कोतवाल, साळुंकी यांसारखे पक्षी तेथे बसतात. बांधावरचे झाड हा असाच एक पक्षीथांबा आहे. अर्थात, पिकलेल्या दाण्यांवर तुटून पडणारे थवेही त्याच फांद्यांचा आश्रय घेतात. म्हणून हा लाभ पिकानुसार आणि हंगामानुसार तपासूनच जमेस धरावा लागतो.

सूर्याचे गणित

झाड बांधाच्या कोणत्या बाजूस आहे, यावर सावलीचे नुकसान फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते आणि हे आधी कळण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. जबलपूर सुमारे २३.२ उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेले आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य तेथे जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळी दहा मीटर उंचीच्या झाडाची मध्यान्हीची सावली त्याच्या पायाशीच पडते. २१ डिसेंबरच्या सुमारास मात्र मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवरच असतो आणि त्याच झाडाची सावली उत्तरेकडे साडेदहा मीटरपर्यंत लांबते. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती साडेनऊ मीटरच्या आसपास, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुमारे पावणेसात मीटर आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सव्वाचार मीटर इतकी आखूड होत जाते.

या आकड्यांचा अर्थ स्पष्ट आहे. खरीपातील धानावर बांधावरील झाडाची मध्यान्हीची सावली फारशी पडत नाही. रब्बीतील पिकावर ती पडते आणि तीही उत्तरेकडे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या बांधावर झाडे असतील, तर बांधाच्या उत्तरेस असलेले शेत हिवाळाभर ऐन दुपारचा प्रकाश गमावते. दक्षिणेकडील शेतास मात्र मध्यान्हीचे ऊन मिळत राहते. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या बांधावरील झाडांची सावली सकाळी पश्चिमेकडे आणि दुपारनंतर पूर्वेकडे सरकत असल्याने ती दोन्ही बाजूंना वाटली जाते आणि कोणतीही एक जागा दिवसभर अंधारात राहत नाही. म्हणून शक्य तेथे उत्तर-दक्षिण बांधाची निवड करावी, असे वनशेतीचे जाणकार सुचवितात.

येथे एक नैतिक प्रश्नही दडलेला आहे. शेताच्या उत्तर सीमेवर झाडे लावली, तर लावणाऱ्याच्या पिकावर हिवाळ्यात मध्यान्हीची सावली पडतच नाही. ती पडते पलीकडच्या शेतावर. लाकूड एकाचे आणि घट दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था होते. सीमेवरील झाडांच्या तंट्यांत हे कारण अनेकदा असते, पण स्पष्टपणे बोलले जात नाही. डिसेंबर-जानेवारीत तोडणीस येणारा हिरवा वाटाणा हे जबलपूर जिल्ह्याचे नामांकित पीक आहे. ज्याचा वाटाणा ऐन हंगामात सावलीत सापडला, त्याचा राग समजण्यासारखा आहे. ओळ लावण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोलून घेणे किंवा सामायिक बांधावर उत्पन्नाचा वाटा आधीच ठरविणे, हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

झाड कोणते आणि कसे राखावे?

पानगळीचा काळ हा निवडीचा पहिला निकष मानावा. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात पॉप्लरबरोबर गव्हाची शेती रुजली, कारण पॉप्लर हिवाळ्यात पर्णहीन असतो आणि गव्हाला ऊन मिळते. राजस्थानातील खेजडी, म्हणजे आपली शमी, हिच्या विरळ पर्णभाराखाली आणि खोल मुळांमुळे बाजरीसारखी पिके चांगली येतात, हा तेथील शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव जोधपूरच्या शुष्क प्रदेश संशोधन संस्थेच्या अभ्यासातूनही पुढे आला आहे. जबलपूरच्या हवामानात शिसम हिवाळ्यात पाने गाळते, सागाची पानगळही याच सुमारास सुरू होते, तर मोहाची पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी झडतात. बाभूळ जवळजवळ सदाहरित असली, तरी तिची पाने बारीक आणि सावली जाळीदार असते. आंबा, चिंच यांच्या गर्द सावलीत मात्र पीक घेण्याची अपेक्षा धरू नये; त्यांची जागा शेताच्या कोपऱ्यात किंवा विहिरीजवळ.

दुसरा निकष छाटणीचा. जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयात शिसमच्या ओळींमध्ये धान आणि गहू घेऊन, झाडाच्या फांद्या किती प्रमाणात छाटाव्यात याचे प्रयोग करण्यात आले. फांद्या जितक्या अधिक छाटाव्यात तितका पिकाला प्रकाश अधिक मिळतो. परंतु अति छाटणीने झाडाची वाढ मंदावते. म्हणजे धान्य आणि लाकूड यांच्यात तडजोड अटळ आहे आणि ती कोठे करावयाची, हे शेतकऱ्याच्या हाती असते. रब्बीच्या पेरणीपूर्वी खालच्या एक-तृतीयांश ते निम्म्या उंचीपर्यंतच्या फांद्या काढल्या, तर तोल बऱ्यापैकी साधतो. सरळ, गाठीविरहित खोडाला भाव अधिक मिळतो, हा छाटणीचा आणखी एक लाभ.

मुळांसाठी उपाय वेगळा आहे. झाडाच्या खोडापासून एक-दीड मीटर अंतरावर, बांधाला समांतर, सुमारे दोन फूट खोल चर खणून आडवी मुळे तोडली, की वरच्या थरातील स्पर्धा पुष्कळ कमी होते. मुळे पुन्हा वाढतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी हा चर पुन्हा उकरावा लागतो. लहान वयापासून ही सवय लावली तर झाडाला इजा कमी होते; थोराड झाडाची मुळे एकदम तोडणे मात्र त्याच्या मुळावर येते.

दहा वर्षांचा खातेउतारा

आता प्रत्यक्ष आकडेमोड. समजा, एक हेक्टरचे चौरस शेत आहे, म्हणजे प्रत्येक बाजू शंभर मीटर. एका बांधावर पाच मीटर अंतराने वीस झाडे लावली. योग्य छाटणी ठेवून नुकसानीचा पट्टा पाच मीटरवर रोखला, तर बाधित क्षेत्र पाचशे चौरस मीटर, म्हणजे शेताचा विसावा हिस्सा. गव्हाचे उत्पादन हेक्टरी तीस क्विंटल धरल्यास या पट्ट्यात दीड क्विंटल गहू यावयास हवा. त्यात एक-तृतीयांश घट आली, तर दर हंगामास पन्नास किलो धान्य गेले. हेच झाड न छाटता वाढू दिले आणि दहा मीटरच्या पट्ट्यात निम्मी घट आली, तर हंगामास दीड क्विंटल गहू जातो. तेच शेत, तीच झाडे; फरक फक्त निगेचा, आणि नुकसान तिप्पट. पहिल्या दोन-तीन वर्षांत झाड लहान असल्याने घट नाममात्र असते, हेही ध्यानात घ्यावे.

जमेच्या रकान्यासाठी प्रत्यक्ष अभ्यास उपलब्ध आहे. धानाच्या शेतात बाभूळ राखण्याच्या मध्य भारतातील पारंपरिक पद्धतीवर २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन हेक्टरांहून लहान शेतांवर हेक्टरी सरासरी वीस झाडे आढळली आणि ती दहा वर्षांच्या चक्राने तोडली जात होती. एका झाडापासून सुमारे तीस किलो सरपण, कुंपणासाठी चार किलो काटेरी फांद्या, अवजारांसाठी व घरकामासाठी इमारती लाकूड, शिवाय डिंक आणि बी असे उत्पन्न मिळत होते. खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे दहा वर्षांत १ रुपया ४७ पैसे परत येत असल्याचे, म्हणजेच लाभ-व्यय गुणोत्तर १.४७ असल्याचे, वार्षिक बारा टक्के दराने वटाव धरूनही दिसून आले. अंतर्गत परताव्याचा दर ३३ टक्के निघाला. लहान शेतकऱ्याच्या वार्षिक शेती-उत्पन्नात बाभळीचा वाटा जवळपास दहा टक्के होता. हे उत्पन्न मुळात लहान प्रमाणावरचे होते, हे त्याच अभ्यासात नमूद आहे. तथापि, मजुरी केवळ धानाच्या हंगामात न अडकता वर्षभर अधिक समप्रमाणात विभागली जाते, हा लाभही त्यात नोंदविला आहे.

बँकेच्या भाषेत बोलावयाचे तर, बांधावरील झाड म्हणजे दर हंगामास थोडे धान्य भरून चालविलेले आवर्ती ठेवीचे खाते होय. मुलीचे लग्न, घराचे छप्पर किंवा दुष्काळी वर्ष अशा गरजेच्या वेळी ते मोडता येते. पीककर्जाचा हप्ता मात्र दरवर्षी येतो आणि झाडाचे उत्पन्न दहा-बारा वर्षांनी. म्हणून ज्याची रोखीची तंगी वर्षागणिक असते, त्याने सर्व बांध एकाच वर्षी न लावता टप्प्याटप्प्याने लावावेत; म्हणजे पुढे तोडही टप्प्याटप्प्याने मिळते.

बाजारपेठेचा विचार न करता केलेली लागवड कशी अंगलट येते, याचा धडाही इतिहासात आहे. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या काळात गुजरात, पंजाब आणि हरियाणातील शेतकऱ्यांनी निलगिरी मोठ्या प्रमाणावर लावली. लाकूड एकाच वेळी बाजारात आले, भाव कोसळले आणि दशकाच्या अखेरीस अनेकांनी झाडे मुळासकट उपटून टाकली.

हप्ता कोणाचा, मुद्दल कोणाचे?

वरील ताळेबंदात एक गृहीत धरले आहे : धान्याची घट ज्याची, लाकूडही त्याचेच. प्रत्यक्षात तसे नेहमीच नसते. जमीन बटाईने कसणाऱ्याच्या वाट्याला सावलीतले खुरटे पीक येते, परंतु झाडावर हक्क असतो जमीनमालकाचा. तोंडी करारावर वर्ष-दोन वर्षे शेत कसणाऱ्याने दहा वर्षांनी तुटणाऱ्या झाडाची निगा का राखावी? रोपटे नांगराखाली येते, गुरे खातात, बुंध्याशी पालापाचोळा पेटतो आणि लागवड कागदावरच राहते. बटाईदाराला छाटणीच्या सरपणाचा आणि अखेरच्या तोडीचा ठरावीक वाटा देणाऱ्या मालकाची झाडे जगण्याची शक्यता अधिक, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. सरपण गोळा करणाऱ्या घरातील स्त्रियांच्या दृष्टीने तर बांधावरची छाटणी म्हणजे रानातली मैलभराची पायपीट वाचणे होय. लाकडाच्या भावात हा लाभ धरला जात नाही.

कायद्याची बाजू

भारताने फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय वनशेती धोरण स्वीकारले. असे स्वतंत्र धोरण आखणारा हा जगातील पहिला देश ठरला. त्यापाठोपाठ २०१६-१७ मध्ये 'हर मेढ पर पेड' हे घोषवाक्य घेऊन वनशेतीचे उपअभियान सुरू झाले आणि पुढे हे काम राष्ट्रीय कृषी विकास योजनेत सामावून घेण्यात आले. झाड लावण्यास असे उत्तेजन मिळाले. ते तोडण्याचा आणि वाहून नेण्याचा मार्ग मात्र तितका सरळ नाही. मध्य प्रदेश शासनाने सप्टेंबर २०१५ मध्ये ५३ प्रजातींना वाहतूक परवान्यातून सूट दिली होती. मार्च २०२५ मध्ये जबलपूर येथील उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्दबातल ठरविली. वनातील चोरटी तोड खाजगी मालाच्या नावाखाली खपू नये, ही चिंता रास्त आहे. परंतु दहा वर्षे झाड सांभाळणाऱ्याला आपलेच लाकूड विकताना कोणत्या नियमास सामोरे जावे लागेल, हे लागवडीच्या दिवशी सांगता येत नाही, हीही वस्तुस्थिती आहे.

महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, आंबा, मोह, चिंच, खैर यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतातील असली, तरी ती तोडण्यास परवानगी लागते. म्हणून लागवड करतानाच झाडांची संख्या व जात सातबाऱ्यावर नोंदवून घ्यावी. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्या असोत वा नर्मदाकाठची हवेली, कागदावर नोंद नसलेले झाड विक्रीच्या वेळी मालकालाच अडचणीत आणते.

बांधावर झाड लावण्यापूर्वी

• बांधाची दिशा पाहावी. उत्तर-दक्षिण बांध अधिक सोयीचा. पूर्व-पश्चिम बांधावर सावली उत्तरेस पडते.
• हिवाळ्यात पाने गाळणारी किंवा विरळ सावलीची जात निवडावी.
• दोन झाडांत किमान पाच मीटर अंतर ठेवावे.
• रब्बीच्या पेरणीपूर्वी खालच्या फांद्या छाटाव्यात. दोन-तीन वर्षांनी मुळांचा चर उकरावा.
• सामायिक बांध असल्यास शेजाऱ्याशी आणि जमीन बटाईने दिलेली असल्यास कसणाऱ्याशी वाट्याचा करार लेखी करावा.
• झाडाची नोंद महसुली दप्तरात करून घ्यावी आणि तोडीपूर्वी वनखात्याकडे नियमांची चौकशी करावी.

बांधावरील झाड पिकाचे काही ना काही नुकसान करते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते नुकसान किती असावे, कोणाच्या वाट्यास यावे आणि त्याच्या बदल्यात काय मिळावे, हे मात्र दिशा, जात, छाटणी आणि माणसामाणसांतील करार यांवरून ठरते. हंगामास पन्नास किलो धान्याचा हप्ता परवडतो की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे. पण दीड क्विंटलाचा हप्ता केवळ निष्काळजीपणामुळे भरण्याचे कारण नाही. हा हिशेब एकदा मनात पक्का झाला, की रोपटे लावणारा हात आणि कुऱ्हाड उचलणारा हात, दोन्ही विचार करूनच पुढे होतील.